झाकण

हार्ड डिस्क गेली ती आवाज करून गेली.
टक्, टक्, टक्,
शिंपल्यावर नख मारावं तसा.
कुडाळच्या पोराने ती कानाशी धरली,
म्हणाला, खारी हवा, ताई.
बंदरावर दुकान म्हटल्यावर व्हायचंच.
एवढं सांगायचे पाचशे घेतले.

नवी डिस्क बसली. सगळं कोरं.
सॉफ्टवेअरची सीडी होती माझ्याकडे,
बिस्किटांच्या डब्यात, एक चरा नसलेली,
पण तिने उंबऱ्यातच अडवलं: लायसन्स की?
पंचवीस अक्षरं. पाचापाचांचे पाच गट.
कंपनीचा पुण्याचा नंबर लावला
तर तिथे आता पाळणाघर.
मागे मूल रडत होतं. बाई म्हणाली,
तुमच्यासारखं कुणी ना कुणी करतंच फोन.

नारळी पौर्णिमा अकरा दिवसांवर,
एकोणीस होड्यांची नावं रेडियममध्ये कापायची,
आणि मी काढलेला तो पोटाळ ळ
त्याच एका सॉफ्टवेअरला ओळखतो.
दुसरीकडे नेला की त्याचा चौकोन होतो.

इनासला मेसेज टाकला.
इनास आधी होड्यांवर ब्रशने नावं घालायचा.
माझं मशीन आलं आणि त्याचे ब्रश वाळले,
तर माझ्याकडेच आला, ऑपरेटर म्हणून.
आता मस्कतला, टँकरवर. आठवड्यातून कधीतरी रेंज.
सहाव्या दिवशी तीन शब्द आले:
झाकान खंय आसा?

कॅबिनेटचं झाकण!
ते तर केव्हाच काढलेलं, मशीन तापतं म्हणून.
उघड्या पोटावर टेबलफॅन सोडून
मी किती वर्षं काम केलं होतं.
झाकण मागच्या पडवीत होतं. मग नव्हतं.
कुणाला दिलं असेन? भंगारवाल्याला विचारलं,
गॅरेजमध्ये विचारलं, रद्दीवाल्या मुजावरांना विचारलं.

सापडलं दांडीवर,
चंपाबाय तांडेलच्या खारवणीच्या पिंपावर,
चौकोनी झाकण गोल तोंडावर, वर जांभा चिरा.
आत बांगडे, मीठ, आपापल्या पाण्यात.
कडा गंजून पापडासारख्या सुटलेल्या.
उलटं केलं आणि
होडीच्या निळ्या ऑइलपेंटने, ब्रशने,
इनासच्या त्या ऐसपैस हातात,
पाचाच्या पाच ओळी.

चंपाबाय म्हणाली,
माका वाटला कोणी मंतर लिवलोहा,
म्हणान घासूक नाय.

तिच्याच ओट्यावर बसून उतरवून घेतली.
शून्याच्या पोटात तो ठिपका देतो, ते मला ठाऊक.
फक्त चौथ्या ओळीत गंज आत शिरला होता,
बी की आठ, डोळ्यांना कळेना.
मग बोट फिरवलं.
रंगाचा उंचवटा डावीकडे सरळ खाली उतरला,
वळला नाही.
बी.

दुकानात आले. बोटांना बांगड्यांचा वास.
एकेक अक्षर टाकलं, एंटर दाबलं,
आणि दार उघडलं असं म्हणायचं खरं,
पण आत काही नव्हतं.
चौदा हंगामांची नावं त्या टकटकीत गेली होती.
ज्या होड्या विकल्या त्यांची,
जी रेवदंड्याच्या बाजूला फुटली तिचं,
एका पोरीच्या बारशाआधीच होडीला दिलेलं तिचं नाव,
सगळी.

झाकण परत नेऊन दिलं. पिंप उघडं, मांजरं टपलेली.
मंतर कसलो तो? तिने विचारलं.
मी म्हटलं, घासू नको म्हणजे झालं.

संध्याकाळी पहिलं गिऱ्हाईक दाजी खवणेकर.
नाव काय घालू?
तांच.
तांच म्हणजे काय, दाजी?
तो माझ्याकडे बघत राहिला,
मी खुळावल्यासारखी विचारते आहे म्हणून,
आणि मग, कधीच कुणाला सांगावं न लागलेलं ते नाव
हळूहळू, अक्षर सोडवत सांगू लागला,
मधेच थांबून म्हणाला,
त्यात एक ळ आसा हां, तो तुझो.