हूल

रविवार. मशीनची पाळी उद्या.
भाऊ घसरगाडी ओढतो, गिरमिट माझ्या खांद्यावर.
बर्फ दोन फूट जाड, वर ट्रकसुद्धा उभा राहील,
तरी रेइनो दर दहा पावलांवर सळई ठोकतो
आणि कान देऊन ऐकतो.
मिनेसोटात हिवाळ्यात माणशी दोन दोऱ्या, कायदा तेवढाच.
म्हणून चार भोकं, चार टिप-अप,
चार नारिंगी झेंड्या वाकवून अडकवलेल्या,
आणि आम्ही दोघं उलट्या बादल्यांवर.

पहिली झेंडी नऊला उठली.
धावलो. रीळ गप्प.
दुसरी सव्वानऊला. धावलो
(म्हणजे मी धावले, तो चालला,
धावलं की त्याला धाप लागते).
दोरी सैल. आमिषाचा मासा जिवंत,
आमच्याकडेच बघणारा.
तिसरी उठली तेव्हा रेइनो बसूनच म्हणाला,
"वारा आहे."

मग त्याने हातमोजे काढले.
असली कामं मोज्यांनी होत नाहीत.
झेंडीची तार दांड्याच्या गुळगुळीत बाजूवरून काढून
खाचेच्या बाजूला घातली:
आता नुसत्या फुंकरीने निसटणार नाही,
ओढणारा खरा हवा.
फळ्या फिरवल्या, वाऱ्याला कड दिली, छाती नाही.
बुडाशी भुसभुशीत बर्फ थापला.
दांड्याला ग्रीज, गोठून अडकू नये म्हणून.
आमिषाच्या शेपटीचं टोक कात्रीने छाटलं,
फार नाही, नखाएवढं.
"ह्याला उगीच मिरवायची हौस."

फोन त्याच्या शर्टाच्या आत, बनियनला लागून.
बाहेरच्या खिशात थंडीने बॅटरी मरते.
यादीत नाव लागून तीन वर्षं झाली.
गाडीच्या वॉरंटीवाल्यांनाही तो
पहिल्या रिंगला उचलतो.
खरा फोन दोनदा आला.
एकदा रात्री दोनला. चार तास मी गाडी चालवली,
रस्त्यात हरणं, मग मिनिआपोलिसचे दिवे,
त्याला गाऊन घातला, मनगटाला पट्टा बांधला,
आणि सकाळी एक पोरगेलासा डॉक्टर
दारातूनच म्हणाला, किडनी चांगली निघाली नाही.
दुसऱ्यांदा तर अर्ध्या वाटेवर,
क्लोकेच्या पेट्रोल पंपावर: परत फिरा.
तिथे त्याने मला डोनट घेऊन दिला.
स्वतः काही घेतलं नाही.

पाण्याचं माप दिवसाला चार कप.
आमच्या पायाखाली किती कप, कोण मोजणार.
गिरमिटाने उडवलेल्या चुऱ्यातून
तो बोराएवढा एक खडा निवडतो, जिभेवर ठेवतो,
वहीत लिहितो: अर्धा घोट.

दोन तास एकही झेंडी हलली नाही.
मी म्हटलं, "जमलं तुझं."
तो म्हणाला, "जमलं की अडकलं, कसं कळायचं?"
उठला. सगळ्यात लांबच्या, चौथ्या भोकाशी
झाऱ्याने वरचा पापुद्रा काढला, दोरी वर घेतली.
गळ मोकळा.
कुणीतरी येऊन गेलं होतं,
हलक्या तोंडाने, अलगद,
आणि आमच्या झेंडीने ब्र काढला नव्हता.

तो हसला. खरंच हसला, धाप लागेपर्यंत.
नवं आमिष लावलं, शेपटीसकट.
तार परत गुळगुळीत बाजूवर.
"त्या तीन राहू देत तशाच," म्हणाला,
"ही नको."

चार वाजेपर्यंत ती एकटीच अकरा वेळा उठली.
अकरा वेळा आम्ही गेलो, त्याच्या चालीने,
आणि अकराही वेळा वारा.
बादल्यांपासून चौथ्या भोकापर्यंत
आता बर्फात चांगली पायवाट पडली आहे.