पहिली तीन गाणी

नियम एकच : पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही.
मग सुरक्षारक्षक खांद्याला बोट लावतो
आणि आम्ही वाकून, लेन्स पोटाशी धरून
मागच्या दारानं बाहेर.

ताम्पेरे. जानेवारी. उणे एकोणीस.
जुन्या कापडगिरणीची लाल विटांची भिंत,
तिच्या आत चौथं गाणं सुरू झालेलं.
बाहेर पोचतो तो फक्त बास,
विटांतून गाळून आलेला, दाढेच्या ठणक्यासारखा.
(दाढांचं मला कळतं. दिवसा मी
दातांचे एक्स-रे काढते.)

बॅटऱ्या काखेत. थंडीत त्या माणसांआधी मरतात.
ओक्कोच्या थर्मासमधली कॉफी झाकणातून फिरते
आणि कुणीतरी विचारतंच, दर हिवाळ्यात एकदा :
समज, निवड तुझी. कुणाबरोबर जाशील?
सगळा दौरा. सगळी गावं. व्हॅनमधली मागची सीट.

ओक्को म्हणतो, ज्यांच्याकडे धुराचं यंत्र नाही
अशांबरोबर. एक पिवळा बल्ब, घरातला,
आणि ड्रमर असा, की ठोका देण्याआधी
अर्धा श्वास थांबतो.
त्या अर्ध्या श्वासात
त्याची काठी आणि माझं बोट
दोन्ही अधांतरी.
सव्वीस वर्षांचा आहे ओक्को. त्याला शोभतं.

याल्मारीला आग हवी, लोखंड हवं,
तोंडाला काळं फासून किंचाळणारे हवेत,
डुकराचं मुंडकं असलं तरी चालेल,
पण पहाटे पेट्रोलपंपावर
तेच चेहरे, अर्धा रंग उतरलेला,
आईला फोन लावून विचारणारे :
मांजरानं खाल्लं का गं काही?
"तो फोटो," याल्मारी म्हणतो. "बाकी सगळं दुकान."

मी म्हणाले, बायका. चौघी. पन्नाशी उलटलेल्या.
गाणारीला शब्द वाचायला चष्मा लागतो
आणि ती तो लपवत नाही.
बँडचं नाव अजून ठरायचंय,
दर गावात त्यावरून भांडण.
अकॉर्डियनवालीचा गुडघा दुखतो म्हणून
मी तिचं धूड जिन्यावरून वर नेते
आणि म्हणून, तेवढ्यासाठीच,
रडताना ती माझ्यापासून तोंड फिरवत नाही.

एवढं बोलले आणि माझी मलाच लाज वाटली.
कॉफी गार झाली होती.

तुइरे गप्प. पासष्टीची, फिल्मच्या काळातली.
तिनं केला होता असा दौरा, आम्हाला ठाऊक होतं,
सलग दोन हिवाळे, एकाच बँडबरोबर.
नाव ती सांगत नाही.
सांगितलं तरी आम्हाला ओळखीचं नसेल, म्हणते.

"वास आठवतो मला त्यांचा," ती म्हणाली.
"हीटरवर ओले मोजे. संत्र्याची सालं.
ओउलूच्या अलीकडे व्हॅन बर्फात रुतली,
पाचही जण उतरून ढकलायला लागले.
गाणाऱ्याच्या भुवया पांढऱ्या झालेल्या,
कशावरून कोण जाणे, हसत सुटलेले सगळे,
आणि सूर्य असा, जमिनीला टेकलेला, तिरका...
असा उजेड कुठल्याच स्टेजला परवडत नाही."

मग? काढलास?

"कशी काढणार? मीही ढकलत होते.
हात दोनच."

आत टाळ्या झाल्या. कशासाठी, ते कळलं नाही.
ओक्कोनं झाकण झटकलं, थर्मासला लावलं.
याल्मारीनं, न सांगता, तुइरेची बॅग उचलली
आणि तिनं, नेहमीसारखी, हिसकावून घेतली.

मी काखेतली बॅटरी चाचपली.
उबदार होती. पिल्लासारखी.

सकाळी आठला माझा पहिला पेशंट.
जबडा उघडा, म्हणेन मी त्याला,
आता हलू नका. एकच क्षण.
आणि जाऊन उभी राहीन
भिंतीच्या मागे.