वाढीव गिलावा

मंगळवारी, तमालेच्या मोठ्या दवाखान्यात,
सात नंबरच्या खोलीबाहेरचा बाक भरतो.
कुणाचा टोचलेला कान लिंबाएवढा,
कुणाच्या सिझेरियनच्या टाक्यांचा झालेला दोरखंड,
आणि नेइंदो गवंडी, छातीवर खेकडा घेऊन.

खेकडाच. या आजाराचं नावसुद्धा म्हणे
कुठल्याशा जुन्या भाषेतल्या नांगीवरून पडलंय.
सुरुवात एका पुळीची.
पुळी फुटली, खपली धरली, खपली पडली.
तिथे थांबायला हवं होतं.

"जखम झाली की आत गवंडी येतात,"
डॉक्टर वुम्पिनी त्याला सांगते,
"भिंत बांधतात, बांधून झाली की निघून जातात.
तुझे गेलेच नाहीत."
नेइंदो जरा विचार करतो.
"मग त्यांची मजुरी कोण देतंय?"

मी सुई भरता भरता हसते.
डॉक्टर हसत नाही.
थोडं घराण्यातून येतं, म्हणते, तुझ्या आत्याच्या मानेवर होतं ना?
थोडं जागेचं. छातीची कातडी मुळात ताणलेली,
तू थापी उचललीस की आणखी खेचते.
बाकीचं आम्हालाही ठाऊक नाही.

त्याच्या डाव्या डोळ्याखाली तीन रेघा आहेत,
सातव्या दिवशी, नाव ठेवताना,
न्हाव्याने वस्तऱ्याने ओढलेल्या.
चाळीस वर्षं गुमान निजल्यात.
तोच देह, तेच रक्त.
मी त्या रेघांकडे जरा जास्तच वेळ बघते बहुतेक,
तो तोंड फिरवतो.

मागच्या साली खाजगीत जाऊन कापून आला होता.
चार महिने सपाट.
मग दुप्पट.
नुसतं कापलं, की आतल्यांना नवं काम मिळतं.
कापून वर किरणं द्यायची, तर कुमासी गाठायला हवं,
आणि तितके दिवस खाडे.

म्हणून सुई. महिन्यातून एकदा.
आत शिरत नाही लवकर, जुन्या सिमेंटात खिळा ठोकावा तशी.
माझा अंगठा भरून येतो.
तो छताकडे बघत आकडे मोजतो,
तेराशी अडकतो, पुन्हा एकपासून.

वर सिलिकॉनची पट्टी, दिवसाचे बारा तास.
"हरमाटनच्या धुळीत चिकटत नाही, सिस्टर."
"धुऊन लाव."
"रात्री खाजतं. बायको म्हणते, झोपेत भिंत खरवडतोस."
यावर माझ्याकडे उत्तर नसतं. वहीत लिहिते: खाज, आहे.

सहाव्या महिन्यात मी मोजते: चार मिलिमीटर कमी.
वरची कातडी पातळ झालीय, फिकी,
चुना उडाल्यासारखी.
माझ्या पट्टीवर त्याचा विश्वास नाही.
खिशातून ओळंबा काढतो,
ताठ उभा राहतो, गळ्याच्या हाडाशी दोरा धरतो,
लोलक खाली सोडतो.
दोरा खेकड्याला टेकतो, जरासा वाकतो.

"अजून बाहेर आहे," म्हणतो. "पण बोटभरच."

शर्टाची बटणं लावत दारापर्यंत जातो,
थांबतो,
दोरा आमच्या भिंतीला लावून बघतो.
"हीसुद्धा," म्हणतो.