लोंबत्या वस्तूखाली

जूनमध्ये इथे रात्र नुसती नावाला.
अकरा वाजून गेले तरी एस्टोनियाचं आभाळ
ताकाच्या निवळीसारखं, पातळ, निळसर.
हेल्वे दिवा लावत नाही. उगाच वीज कशाला.
माशी तरी दिव्याखालीच.

ही ती दांडगी घरमाशी नव्हे,
पावावर बसून आधी थुंकणारी, मग चाखणारी,
दहादा हाकलली तरी त्याच कोपरावर परतणारी.
ही धाकटी. सडपातळ, राखाडी,
थंडी पुरती सरायच्या आत हजर होणारी.
बसली तर पंख पाठीवर घडी करून ठेवते,
पण बसते कुठे?

हा नर आहे.
वीतभर सरळ जातो,
न दिसणाऱ्या भिंतीला लागल्यासारखा वळतो,
पुन्हा वीतभर, पुन्हा वळण,
कोपरे, नुसते कोपरे,
गोल म्हणून कुठे नाहीच.
आवाजही जवळजवळ नाही.
दुसरा नर आला की हवेतच एक झटापट,
डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपते,
आणि एकजण पुन्हा आपल्या चौकटी मोजू लागतो.
जेवण समोर उघडं पडलेलं. त्याला त्याचं काही नाही.
तो वाट बघतोय,
आणि वाट बघायची म्हणजे उडायचं, एवढंच त्याला ठाऊक.

माद्या बाहेर असतात, शेडच्या भिंतींवर, दमट सावलीत.
हेल्वेला माहीत आहे.
सव्वीस वर्षं कुक्कुटपालनाच्या शेडमध्ये
फावड्याने विष्ठा ओढली तिने.
एकदा त्या ओल्या रबडीतून
एक अळी उचलून तळव्यावर घेतली होती:
तपकिरी, चपटी, अंगभर पिसांसारखे काटे.
कोंबड्यांखाली पिसांची अळी!
मुकादम काल्यु एवढा हसला
की त्याला खोकला लागला.
तिला मात्र त्या दिवसापासून माशी मारवत नाही.
माशा मारत बसायचं वय झालं,
आणि तेच जमत नाही.

दिवा एंदेलने टांगलेला, मध्यापासून चार बोटं डावीकडे.
त्यावरून एकोणीस वर्षं बोलणी खाल्ली त्याने.
"मोजलं होतं मी," एवढंच म्हणायचा.
माशीने कधी वाद घातला नाही.
चार बोटं डावीकडे, तोच तिचा मध्य.

जुलैत भाची मारिकाने वायरमन पाठवला.
त्याने दिवा उतरवला, तारांची टोकं चिकटपट्टीने गुंडाळली,
नवा दिवा सोमवारी, म्हणाला.
सोमवार कुठला ते नाही सांगितलं.
हेल्वेला वाटलं, गेला आता बिचारा.
खरं तर हा तो नव्हेच.
यांचं आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं;
मेपासूनचा हा तिसरा असेल, चौथा असेल.
ती मात्र इतकी वर्षं
एकाच माशीला ओळखत आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी
चुलीजवळ टांगलेल्या कांद्यांच्या वेणीखाली
तेच कोपरे. तीच वीत.
म्हणजे दिव्यावर जीव नव्हता तर.
उजेड नको, ऊब नको,
मोकळ्या हवेत काहीतरी लोंबतं हवं,
ज्याच्या खाली थांबता येईल.
"एवढंच होय," हेल्वे मोठ्याने म्हणाली,
आणि कुणाला म्हणाली ते तिलाच कळेना.

मग तिने लाकडी डाव उचलला,
खोलीच्या बरोब्बर मध्ये जाऊन उभी राहिली,
खरा मध्य, पावलं टाकून मोजलेला,
आणि डाव डोक्यावर उंच, उलटा धरला.
शेजारच्या साल्मेने पाहिलं असतं तर दार लावून घेतलं असतं.
बराच वेळ काही नाही. कोपर थरथरू लागलं.
मग तो आला. एक सरळ रेघ, एक वळण,
दुसरी रेघ,
आणि परत कांद्यांकडे.

हात खाली घेताना तिला जरा
चार बोटं डावीकडे सरकून बघावंसं वाटलं.
पण तोवर चुलीवर
बिटाचं सूप उतू गेलं होतं.