पानाची पाठ

डावणी पानाच्या पाठीवर येते.
वरून तेलकट डाग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.
म्हणून दव असतानाच मी ओळीत शिरते, पानं उलटते;
गिरणाऱ्याच्या प्लॉटवर अकरा वर्षं हेच.
स्वतःच्या गुडघ्यामागे मात्र
कधी वळून पाहिलं नाही.

जून ते ऑगस्ट आल्सासला होते, वाइन शिकायला.
तिथे बागेला खेटून जंगल,
दुपारचा डबा आम्ही गवतात बसून खायचो.
परतल्यावर साडी नेसताना वहिनी म्हणाली,
"मागं काय गं हे, लाल बांगडी उठल्यागत?"
मी म्हणाले, मोज्याचं इलॅस्टिक असेल.
दुखत नव्हतं, खाजत नव्हतं.
पंधरवड्यात बांगडी पुसली गेली.

ऑक्टोबर छाटणीच्या नवव्या दिवशी
चहाचा घोट डाव्या ओठातून कुर्त्यावर सांडला.
हौशीराम मुकादमाने कात्री खाली ठेवली.
"ताई, तुमचा डोळा मिटंना."

तोंडावरून वारं गेलं, असं गावानं ठरवलं.
कुणी कबुतराच्या रक्ताचा पत्ता दिला.
कॉलेज रोडवरच्या स्कॅनमध्ये मेंदू स्वच्छ निघाला.
मग दराडे डॉक्टरबाईंनी
कुणीच न विचारलेलं विचारलं:
"गेल्या सहा महिन्यांत कुठे होतात?"

गोचीड. खसखशीच्या दाण्याएवढी.
तिच्या पोटातला जंतू वेलीच्या तणाव्यासारखा पिळदार,
मिळेल त्याला धरून चढणारा.
चेहऱ्याच्या नसेपर्यंत चढला होता,
आणि ईसीजीच्या पट्टीवर बोट ठेवून बाई म्हणाल्या,
"इथेही. वरच्या कप्प्याचा निरोप
खालच्याला उशिरा पोचतोय."
पेसमेकर? "तात्पुरता. लागला तर."

रक्त पुण्याला गेलं, मी दवाखान्यात राहिले.

माझ्या वहीत फवारणीचा तक्ता असतो:
तारीख, औषध, किती लिटर.
शेजारच्या पानावर लिहू लागले:
सेफ्ट्रिअक्झोन, दोन ग्रॅम, शिरेतून, सकाळी दहा.
सोमवार. मंगळवार.
गुरुवारी निरोप जरा वेळेत पोचला.
पेसमेकरचा डबा टेबलावर तसाच बंद.
रात्री शरणपूरच्या एस्तेर सिस्टर
डोळ्यात थेंब घालत, पापणी टेपने चिकटवत
आणि म्हणत, "झाकलं दुकान."

घरी आले तेव्हा उरलेल्या दिवसांच्या गोळ्या, डॉक्सी.
या गोळीवर ऊन चालत नाही म्हणे.
द्राक्षवालीला ऊन बंद!
भर दुपारी मी भावाचा फुल शर्ट, हातमोजे, टोपी घालून
बांधावर बुजगावण्यासारखी उभी,
आणि बाया ओळीतून फिदीफिदी हसत.

फेब्रुवारीत, तोडणी सुरू असताना, गुडघा फुगला.
दुखण्यापेक्षा जड जास्त, पाणी भरलेल्या कॅनसारखा.
सुईने पाणी काढलं. पुन्हा अठ्ठावीस दिवस गोळ्या.
पुन्हा भावाचा शर्ट.

आता गुडघा वाकतो. पट्टी सरळ आहे.
थकवा तेवढा उरलाय; चार वाजता हाडात उतरतो
आणि हातातली कात्री परक्याची वाटते.
मी म्हटलं, अजून एक कोर्स द्या ना.
बाई नाही म्हणाल्या. "जंतू गेलाय. औषध वाढवून हे जाणार नाही.
वेळ लागेल. किती, ते मला सांगता येत नाही."
मला पटलं. भुरी मेली तरी मण्यावर डाग राहतो.
तो माल निर्यातीला जात नाही,
बेदाण्याला चालतो.

हौशीराम विचारतो, "आमच्या बैलाला रोज चिकटत्यात,
आमी रॉकेल लावतो. तुम्हाला नव्हतं लावता आलं?"
रॉकेल नको, मी सांगते. चिमट्याने कातडीपाशी धर,
सरळ ओढ, पिळू नको.
इकडच्या गोचिडीत हा जंतू नसावा, असं बाई म्हणाल्यात.
तरी तो मान डोलावतो, धडा पाठ केल्यासारखी.

पहाटे दवात मी पुन्हा पानं उलटते.
खिशात वहिनीच्या पर्समधला छोटा आरसा.
ओळ संपली की गुडघ्यामागे धरते.
हौशीरामाला हसू येतं.
मलाही येतं,
डावी बाजू थोडी मागून.