डाव्या हातानं दार

गंगावेशीत संध्याकाळी सव्वासहाला
मी गाडी लावली औषधाच्या दुकानासमोर.
हँडब्रेक ओढला, किल्ली काढली,
पर्स, चष्मा, डॉक्टरांची चिठ्ठी,
सगळं आठवणीनं घेतलं
आणि उजव्या हातानं दार उघडलं,
जन्मभर उघडत आले तसं,
कपाटाचं, फ्रिजचं, देवघराचं.

आवाज आधी आला. माणूस नंतर.
किटलीचं झाकण गरगरत
पार रिक्षा स्टॉपपर्यंत गेलं
आणि तिथं आडवं होईपर्यंत
वाजत राहिलं.
चाळीस लिटर दूध
डांबरावर पसरताना आवाज करत नाही,
गर्दी करतं.

"आरसा कशाला दिलाय ओ कंपनीनं? टिकली लावायला?"
कोण बोललं ते कळलं नाही.
मी आरशात बघितलं होतं.
आरशात भिंत होती, भिंतीशी एक कुत्रं,
क्लासची अर्धी फाटलेली जाहिरात.
तो होता आरसा आणि डोळा
यांच्या मधल्या बोटभर फटीत,
जिथं ह्या गावातली निम्मी माणसं
रोज असतात,
मोटरसायकलवर.

जोतिराम चेचर, वडणग्याचा.
गळपट्टीचं हाड मोडलेलं.
सीपीआरच्या खाटेशी मी सफरचंदं घेऊन उभी.
त्याची बायको माझ्याकडं बघतच नव्हती,
फोनवर कुणाला तरी सांगत होती
कुठली म्हैस कुणाला लाथ मारते ते.

तोच म्हणाला,
"ताई, एक सांगू? राग मानू नगासा.
दार डाव्या हातानं उघडत जावा.
हात आडवा गेला की खांदा वळतोय,
खांदा वळला की मान वळत्या,
मान वळली
की मी दिसतोय."

मग छताकडं बघत जरा थांबून,
"आन माझीबी चुकी हाय की.
उभ्या गाड्यांना खेटून घातली.
किटल्या माझ्या, पण त्यांची रुंदी
मलाच ठावं न्हवती.
हातभर सोडून जायाचं हुतं.
हेल्मेट हाय, न्हाई असं न्हाई,
पोरीनं त्यात कांदं भरून ठेवल्यात."

दुधाचे पैसे त्यानं मोजून घेतले.
हाडाचे त्याच्या बायकोनं मागितले.
बरोबर मागितले. दिले.

प्रसादाला डावा हात पुढं केला
म्हणून आईनं मारलेली चापट
मला अजून आठवते, जागेसकट.
देवाला उजवा, पैशाला उजवा,
हळदीकुंकवाला, जेवायला, शपथेला उजवा.
डाव्याच्या वाट्याला
मानाचं काम कधी आलंच नाही.

घरात सांगितलं तर हे हसले,
"एवढंच ना? डाव्या हाताचा मळ!"
नाही हो.
महिनाभर रोज विसरले.
उजवा हात आपला आधीच कडीवर,
आगाऊ पोरासारखा.
शेवटी त्याच्या मनगटाला
लेकीचं केसांचं रबर अडकवलं.
ते टोचायचं. तेवढ्यात आठवायचं.

दसऱ्यानंतर एकदा पुन्हा गंगावेस,
तेच दुकान, तशीच वेळ.
डावा हात कडीवर, मान मागं,
आणि मागून एक दिवा येताना दिसला.
दोन्ही बाजूंना किटल्या,
किटल्यांवर लाल चमकती पट्टी,
डोक्यावर हेल्मेट, पट्टा मात्र लोंबकळता.
हातभर नव्हे, चांगलं दीड हात
अंतर ठेवून तो आला.

त्याच्या मागं एक पांढरी कार
हॉर्नवर हॉर्न देत होती.
तिच्या दृष्टीनं तो उगीचच
रस्त्याच्या मध्ये होता.
त्यानं मागं बघितलं नाही,
बाजूला घेतली नाही,
माझ्याकडंही बघितलं नाही.
किटल्या खणखणत पुढं गेल्या,
मग ती कार, काच खाली, काहीतरी बोलत.

मी दार अजून उघडलं नव्हतं.
त्या दीड हात मोकळ्या रस्त्याकडं
बघत बसले होते,
आणि दुकानदार आतून हाक मारत होता,
"बाई, येताय न्हवं?"