एकास पंचवीस

शब्बीर हुर्जूक आता जहाजावर जात नाही.
गुडघे गेले, सीडीसीची मुदत संपली,
तरी जीवना बंदरावर, माझ्या वर्कशॉपच्या पायरीवर
संध्याकाळी टेकला की विचारतो,
"बोल, या खेपेला काय आणू?"

मी हातांचं ग्रीस रॉकेलनं पुसत
यादी सांगायला लागतो.

एकाहत्तरची बॅराकुडा.
पण माझ्याकडे आहे त्या साच्यातली नको.
तो साचा म्हातारा झालाय,
प्रत्येक भागाच्या कडेला घावनासारखा पापुद्रा सुटतो,
ब्लेडनं खरवडता खरवडता रविवार संपतो.
नव्या साच्यातली हवी.
बॉनेट उघडणारं,
आत आठ सिलिंडर, चाराला चार तिरके,
आणि प्लगच्या वायरींसाठी भोकं आधीच पाडलेली,
माझ्या हातात आता सुई थरथरते.

सहा सिलिंडरची डिझेल इंजिनं आयुष्यभर खोलली मी.
ट्रॉलर धक्क्याला लागायच्या आधी
नुसत्या आवाजावरून सांगतो, कुठला नोझल थुंकतोय.
आठांचा आवाज मात्र ऐकलेला नाही.
शब्बीरनं ऐकलाय,
बाल्टिमोरला, गोदीबाहेरच्या सिग्नलवर.
कसा रे, विचारलं,
तर बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "बांगड्याचा थवा वर यायच्या आधी
पाणी कसं..."
पुढचं त्याला सांगता आलं नाही.
मला तेवढं पुरलं.

माझी जुनी बॅराकुडा खिडकीत असते.
हिरूबाय चोगलेला म्हटलं, मासा आहे ही, नावानं,
बघ, पुढच्या चाकामागं कल्लेसुद्धा आहेत.
तिनं टोपली खाली ठेवली, वाकून पाहिलं.
"कल्लं लाल नाय. शिली हाय."
त्या रात्री कल्ल्यांच्या आत लाल भरला,
कुणाच्या तरी होडीच्या नावातून उरलेला.

आणि सत्तरची शेव्हेल. पुन्हा एकदा.
पहिलीच्या डब्यात तीनच चाकं निघाली होती,
तक्रार कुणाकडे करणार, श्रीवर्धनातून?
रोठा सुपारीची एक चकती कापली,
कानशीनं गोल केली, काळी रंगवली,
मधली पांढरी नक्षी ठेवली तशीच,
इतर तीन टायरांवर इंग्रजी अक्षरं आहेत, तिथं.
बारा वर्षं झाली. तीन चाकं पिवळी पडली,
सुपारी अजून ठणठणीत.
तरी चौथं चाक हवंच आहे मला.

लोक म्हणतात, खरीच मिळाली तर?
नको बाबा.
वाडीच्या दोन गडग्यांमध्ये अडकेल,
बागमांडल्याच्या जंगलजेटीत नाक मावेल, शेपूट राहील,
आणि तिला पाजणार कोण?
एकास पंचवीस बरी.
तळहातावर राहते,
आणि तिच्यासाठी सगळं श्रीवर्धन रुंद होतं.

तर, शब्बीर, लिहून घे.
डॉज चार्जर, एकोणसत्तरची,
हेडलाइटची झाकणं खरोखर फिरणारी.
पॉन्टिअ‍ॅकची कुठलीही, काच न चरे पडलेली.
रंग तिकडचा आणू नकोस,
आषाढात त्यावर साय धरते.
होड्यांचा रंग धरतो, पाहिलंय मी,
खारं वारं पिऊनही धरतो.

शब्बीर बोटांच्या पेरांवर मोजत जातो.
सातव्या पेराला थांबतो,
परत पहिल्यापासून म्हणून दाखवतो,
चार्जर विसरतो, मी आठवण देतो.
बर्फाचा टेम्पो मागं मागं येत धक्क्याला लागतो.

"डबे मोठे असतात," मी म्हणतो, "चेपतात.
बॅगेत वरच्या अंगाला जागा ठेव."

"ठेवलीय," तो म्हणतो,
आणि उठण्यासाठी हात पुढं करतो.